मासा, माशी आणि ३१ मार्च

पुढच्या वर्षीचं कालनिर्णय घरात आलं की आमची ही सुट्ट्या मोजते, लेक परीक्षेच्या तारखा बघते आणि मी पौर्णिमा-अमावास्या बघतो. यंदा एप्रिलचं पान उघडलं आणि जागच्या जागी उभा राहिलो. हनुमान जयंती २ एप्रिलला, गुरुवारी. म्हणजे चैत्री पौर्णिमा नव्या आर्थिक वर्षाच्या दुसऱ्या दिवशी!

हे माझ्यासारख्या माणसालाच कळेल. मी मस्जिद बंदरला एका लोखंडाच्या पेढीवर हिशेब लिहितो. ३१ मार्चपर्यंत मला मान वर करता येत नाही आणि ११ एप्रिलला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायचं असतं. मधले दहा दिवस माझे. त्या दहा दिवसांत चंद्र कुठे असेल हे शेठच्या हातात नाही आणि माझ्याही. २०२६ मध्ये तो बरोबर जागेवर आहे. त्याच दिवशी मेहुण्याला फोन केला, ‘पासपोर्ट शोधून ठेव.’

आता मुळापासून सांगतो, कारण ऑफिसात अजून लोकांना वाटतं की मी मालदीवला बायकोला सोडून मजा करायला जातो.

मला फ्लाय फिशिंगचा नाद आहे. आपल्या गरीत शिशाचं वजन पुढे जातं आणि दोरी त्याच्या मागे. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं. माशी, म्हणजे गळावर पिसं, केस, चमकी बांधून केलेलं खोटं कोळंबीचं किंवा खेकड्याचं पिल्लू, हिला वजन जवळजवळ नसतंच. वजन दोरीला असतं. ती जाड दोरी हवेत मागे-पुढे झुलवायची आणि तिच्या जोरावर माशी नेऊन टाकायची. माशाला माशी, इतकं सोपं नाव मराठीत असताना लोक त्याला ‘तो चाबूक’ म्हणतात. लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ बघून सुरुवात केली, न्यू जर्सीच्या मावसभावानं त्याचा जुना आठ नंबरचा दांडा पाठवला. भांडुपच्या आमच्या इमारतीची गच्ची पंचावन्न फूट आहे, त्यापुढे पाण्याची टाकी. म्हणून माझी फेक पन्नास फुटांची. टाकी नसती तर साठची झाली असती असं माझं म्हणणं.

मुंबईच्या गढूळ पाण्यात हा खेळ अर्धाच. खरी मजा मासा डोळ्यांनी बघून त्याच्यापुढे माशी टाकण्यात. त्यासाठी लागतं स्वच्छ, गुडघाभर पाणी आणि खाली पांढरी वाळू. अशा उथळ पठाराला या खेळातले लोक ‘फ्लॅट’ म्हणतात. (हे मी घरी सांगितलं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, ‘कुठे घेतलात? कार्पेट किती?’)

इंग्रजीत ‘स्वस्तात, स्वतःचं स्वतः’ अशा सहलींवर वाचायला गेलं की सगळे बहामाज, बेलीझ नाहीतर मेक्सिकोची नावं घेतात. अमेरिकेत राहणाऱ्याला ते स्वस्तच. आपल्याला तिकिटातच दिवाळं. बोनफिश या माशासाठी जगभर नावाजलेलं किरिबाटीचं किरितिमाती बेट मी एकदा नकाशावर मोजून बघितलं. आधी फिजीला पोचायचं, मग तिथून पुढचं विमान. नकाशा मिटवला. सेशेल्सच्या लांबच्या प्रवाळबेटांवर आठवड्याला जे डॉलर लागतात त्यात आमच्या इमारतीला लिफ्ट बसेल. राहता राहिलं मालदीव. मुंबईहून थेट विमान, तीन तासांच्या आत. व्हिसा आधी काढावा लागत नाही. निघण्यापूर्वीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर माहिती भरायची, ती फुकट.

‘पण मालदीव म्हणजे ते पाण्यावरच्या झोपड्यांचं ना?’ हा प्रश्न मला हजारदा आलाय. ते रिसॉर्ट. पण साधारण २००९-१० पासून माणसं राहतात त्या बेटांवरही गेस्टहाऊस काढायला तिथल्या सरकारनं परवानगी दिली आणि मध्यमवर्गाची सोय झाली. बेटावर मशीद, शाळा, दोन वाणी, एक चहाचं हॉटेल. दारू नाही, बरोबर नेलीत तर विमानतळावर काढून ठेवतात आणि परतताना देतात. मेहुण्यानं यावर दोन दिवस विचार केला आणि मग ‘चालेल’ म्हणाला.

आता पैशाचं गणित. मालदीवमध्ये सगळं महाग आहे असं नाही. बोट महाग आहे. माणूस, बटाटा, गॅसचं सिलिंडर, सगळं बोटीनं येतं, आणि तुम्ही एकदा खाजगी बोटीत बसलात की मीटर सुरू. मासेमारीच्या बोटीचा अर्धा दिवस दोघांत वाटून घेतला तरी माझ्या चार दिवसांच्या जेवणाहून जास्त होतो. म्हणून माझा एकच नियम आहे, आणि तो मुंबईत घर शोधतानाचाच: फ्लॅट चालत जाण्याच्या अंतरावर पाहिजे. पलंगावरून उठलं, चहा घेतला, दांडा खांद्यावर टाकला आणि दहा मिनिटांत पाण्यात.

हे अंतर गूगल अर्थवर बसून मोजता येतं आणि त्याला एक पैसा पडत नाही. बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याच्या आत फिकट हिरवट-पिवळा रुंद पट्टा दिसला तर ते उथळ पाणी. गडद निळं म्हणजे खोल. तपकिरी ठिपके म्हणजे प्रवाळ किंवा समुद्री गवत. पण नुसता सुंदर फोटो बघून भुलू नका. तिथं भराव टाकून बेटं वाढवायचं काम जोरात असतं, जुन्या फोटोतला फ्लॅट आज धक्क्याखाली गेलेला असू शकतो. वरची वर्षांची पट्टी सरकवून नवा फोटो बघायचा. मी लंचटाइमला एकेक बेट असं बघत गेलो, साधारण चाळीस बेटं. शेजारचा डिस्पॅचवाला विचारायचा, ‘जमीन घेताय का?’

मालदीवच्या दक्षिणेचा अड्डू हा बेटसमूह मला फार आवडला होता. तिथली चार-पाच बेटं रस्त्यानं जोडलेली आहेत, सायकल घेऊन फ्लॅटवर फ्लॅट बघत जाता येईल. पण राजधानी मालेहून तिथलं देशांतर्गत विमान परदेशी माणसाला फार महाग पडतं. ते निवृत्तीनंतर. निवडलेल्या बेटाचं नाव इथे लिहिणार नाही. वरळीचा कोळी त्याच्या खडपाचं नाव सांगतो का?

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. २०२३ च्या दिवाळीनंतर आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा प्रत्येक चूक केली.

भाऊबीज उरकून १७ नोव्हेंबरला निघालो. तिकीट त्या दिवशीचं सगळ्यात स्वस्त, मी खूश. मालेला उतरून फेरीच्या धक्क्यावर गेलो तर शुकशुकाट. शुक्रवार! तिकडे शुक्रवार म्हणजे आपला रविवार, सार्वजनिक फेरी बंद. तिकिटात वाचवलेले तीन हजार विमानतळाजवळच्या हुळुमालेच्या एका रात्रीच्या खोलीत गेले, वर आणखी दोन. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबातली चूक काढणाऱ्या माणसाला हे किती लागलं असेल बघा.

दुसरी चूक पाण्याची. माझे बाबा मालवणकडचे, मुंबईत गिरणीत होते. ८२ च्या संपात घरी बसायला लागल्यावर ते वरळीच्या खडकांवर हातगरी घेऊन जायचे, रोज, आणि शेंगाळा, कधी तांबोशी घेऊन यायचे. पाच वर्षांचा मी पिशवी धरून. त्यांना भरतीचं कोष्टक लागायचं नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, असा त्यांचा हिशेब. आणि अष्टमीच्या आसपास ते जायचेच नाहीत. ‘भांगाचा पाणी, मासो हलूचो नाय.’ उधाण पौर्णिमा-अमावास्येला. अष्टमीला पाणी ना धड चढतं ना उतरतं, तो भांग. हे सगळं मला पाठ होतं. तरी मी सुट्टी बघून तिकीट काढलं आणि आमचे चार दिवस पडले षष्ठी ते नवमी. मालदीवचं पाणी तसंही आपल्यासारखं चार-पाच मीटर चढत नाही, उधाणालाही मीटरभराचाच खेळ. त्यात भांग. पाणी जणू परातीत ओतून ठेवलेलं. चढत्या पाण्याबरोबर मासे खोलातून फ्लॅटवर खायला येतात, पाणीच चढत नाही तर ते कशाला येतील? (पाऊणपटीचा हिशेब मात्र तिकडे चालत नाही, तो आपल्या किनाऱ्यापुरता. वेळेसाठी मालेचं कोष्टक बघायचं. तिथलं घड्याळ आपल्याहून अर्धा तास मागे आहे. पण भांग आणि उधाण सगळीकडे सारखं, चंद्र एकच आहे.)

त्यात नोव्हेंबर म्हणजे वारा बदलण्याचे दिवस. तिकडे दोनच ऋतू. मेपासून नैऋत्येचा ‘हुळंगू’, पावसाचा. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत ईशान्येचा ‘इरुवाई’, कोरडा आणि शांत. आम्ही बरोबर मधल्या गोंधळात सापडलो. ढग आले की पाण्यावर नुसती चकाकी, मासा समोरून गेला तरी दिसत नाही. आणि माझी दोरी! सवलतीत मिळाली म्हणून घेतलेली, थंड प्रदेशातल्या ट्राउटसाठीची. त्या उन्हात ती शिजलेल्या शेवयांसारखी झाली. उष्ण पाण्यासाठी कडक गाभ्याची वेगळी दोरी मिळते. यंदा पैसे घालायचे ते त्या दोरीवर, असं ठरवलंय. बाकी सगळीकडे चिकटपणा.

तरीही तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडलं आणि पन्नास पावलांवर एक शेपटी पाण्याबाहेर आली. ट्रिगरफिश. हा मासा डोकं खाली घालून खेकडे उकरतो, तेव्हा शेपूट हवेत हलते, पंख्यासारखी. मी पाय घासत पुढे गेलो. घासतच चालायचं, उचलून टाकायचा नाही, वाळूत पाकट लपलेलं असतं. चाळीस फुटांवरून खेकड्याची माशी टाकली. पहिल्यांदाच हवी तिथे पडली. त्यानं वळून बघितलं, जवळ आला, वरून खाली टोच मारली. आणि मी गच्चीवर पाहिलेले ट्राउटचे सगळे व्हिडिओ आठवून दांडा जोरात वर उचलला. माशी त्याच्या तोंडातून निघून माझ्या टोपीला लागली. मासा खोल पाण्यात. मेहुणा किनाऱ्यावर शहाळं पीत बसला होता, त्यानं टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी धक्क्यावर गेलो. एक दहा-बारा वर्षांचा पोरगा साध्या दोरीनं, बाटलीला गुंडाळलेल्या, मासे काढत होता. झटका लागला की हात वर नाही. दोरी पोटाकडे, आडवी, एकच लांब ओढ. मी बघतच राहिलो. बाबा असंच करायचे. ‘दोरी तंग ठेव. खाल्ल्यान की हातान वड, हात वर करू नको.’ खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठी हेच लागतं. इंग्रजीत ते ‘स्ट्रिप स्ट्राइक’ म्हणून शिकवतात, दांडा खाली ठेवून डाव्या हातानं दोरी ओढायची. त्यांची तोंडं कडक, दांड्याच्या लवचिक टोकानं गळ रुततच नाही. आणि चुकलात तरी माशी माशापुढेच राहते, तो परत खाऊ शकतो. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी वरळीला फुकट शिकवलेली गोष्ट मी डॉलर मोजून पुन्हा शिकलो.

दुसऱ्या दिवशी तसं करून एक निळा ट्रेव्हॅली धरला. वीतभर. निळ्या ठिपक्यांचा, इतका देखणा की बाजारात कधी बघितला नव्हता. गळाचा काटा आधीच चिमट्यानं दाबलेला होता, चटकन सुटला, सोडून दिला. घरी आल्यावर आईनं विचारलं, ‘किती मासे?’ एक म्हटलं. ‘खाल्लास?’ सोडला म्हटलं. ती उठून आत गेली.

त्या बेटावरच्या चहाच्या हॉटेलात मात्र मी रमलो. सकाळी ‘मस हुनी’ मिळते: टूनाचा चुरा, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, बरोबर ‘रोशी’ म्हणजे पोळीच. एक म्हातारेबुवा रोज शेजारी बसायचे. मासा म्हणजे ‘मस’. काळा म्हणजे ‘कळू’, कोरा चहा ‘कळू सई’. पाणी ‘फेन’, आपल्या ‘प’चा त्यांनी ‘फ’ केलाय. दिवेही, म्हणजे तिथली भाषा, आपल्याच कुळातली आहे हे वाचलं होतं, पण समोरच्या कपाकडे बोट दाखवून ते कळणं वेगळं. त्यांनी तरुणपणी टूना काढला होता, तिकडच्या पद्धतीनं: जिवंत बारीक मासळी पाण्यात फेकायची, टूना वर आला की काठीनं एकेक उचलून बोटीत. जाळं नाही. माझा दांडा त्यांनी हातात घेऊन हलवला, परत दिला आणि हसले. काय म्हणाले ते कुणी भाषांतर करून दिलं नाही.

तर यंदाचा आराखडा असा. १ एप्रिल बुधवारी सकाळचं विमान, दुपारची फेरी. ३ तारखेचा शुक्रवार बेटावरच निघेल. परत ९ तारखेला, गुरुवारी, कारण १० ला पुन्हा शुक्रवार. रमजान आणि ईद मार्चमध्येच उरकलेली असेल, म्हणजे दिवसा हॉटेलं उघडी. पौर्णिमेचं उधाण पहिल्या निम्म्यात. शेवटी पाणी भांगाकडे जाईल, तेव्हा मेहुणा म्हणतो तसं झोपायचं.

माणशी हिशेब: विमान २४,०००, यात परतीचा ५० डॉलरचा निर्गमन कर आलाच. गेस्टहाऊस दोघांत ४५ डॉलर रात्र, नाश्ता धरून. वर दहा टक्के सेवा शुल्क आणि १७ टक्के कर, हे जाहिरातीत बारीक अक्षरांत असतं म्हणून मुद्दाम सांगतो. आठ रात्रींचे माझ्या वाट्याला २३२. हरित कर गेल्या वेळी रोज ३ डॉलर होता, २०२५ पासून छोट्या गेस्टहाऊसला ६ झालाय, म्हणजे ४८. दोन वेळचं जेवण ९६. फेरी जाऊन-येऊन ६. आणि एकच चैन, ७५ डॉलर: पहिल्याच दिवशी अर्धा दिवस स्थानिक माणूस आणि त्याची बोट. शेवटच्या दिवशी नाही. खोल घळ कुठे आहे, कुठली जागा रिसॉर्टला भाड्यानं दिलेली आहे, कुठे मासेमारीला मनाई आहे, हे पहिल्या दिवशी कळलं तर बाकीचे सगळे दिवस उपयोगी. एकूण ४५७ डॉलर, ९० च्या भावानं ४१,१३०. विमा ९००, दोरी आणि माशा बांधायचं सामान साडेसहा हजार. बहात्तर-साडेबहात्तर. पंचाहत्तरच्या वर गेलं तर हिला सोन्याच्या कानातल्यांचं उत्तर द्यावं लागेल. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं नाही, त्यामुळे टीसीएस, म्हणजे कंपनी आधीच कापून घेते तो करही नाही.

माशा घरीच बांधतो. डोळ्यांसाठी मण्यांची साखळी क्रॉफर्ड मार्केटातून, चमकी भुलेश्वरहून, कोंबड्याच्या मानेची पिसं आमच्या चिकनवाल्याकडून (तो आता न मागता ठेवतो). डोक्यावर नेलआर्टचा राळेचा थेंब, आणि तो वाळवायला पेढीवरची नोटा तपासायची जांभळी बॅटरी. मोराचं पीस माशीला फार छान दिसतं, पण ते देशाबाहेर न्यायला बंदी आहे, म्हणून ती डबी घरीच राहणार. दांडा चार तुकड्यांचा, एकेक सव्वादोन फूट. दीड इंची पीव्हीसी पाइपात घालून मोठ्या बॅगेत तिरका बसतो. केबिनमध्ये नेऊ नका, गळ तर नाहीच.

शार्कचं एवढंच: उथळ पाण्यात काळ्या टोकाच्या पंखाची पिल्लं पायाशी घुटमळतात, घाबरायचं कारण नाही. २०१० मध्ये तिथं शार्क मारायला बंदी घातली. एखादं माशीला लागलंच तर दोरी कापायची.

सध्या गच्चीवर सराव चालू आहे, रात्री साडेनऊनंतर, वाळत घातलेल्या चादरी उतरल्यावर. गळाच्या जागी लोकरीचा तुकडा. लेक टाकीपाशी दोरीचं टोक धरून बसते आणि मनात येईल तेव्हा हिसका देते. मी दांडा खाली ठेवून डाव्या हातानं ओढायचं. काल वीस हिसक्यांत सात वेळा दांडा वर गेला. तिनं माझ्याच जुन्या खतावणीत, नावेच्या बाजूला, तारीख घालून लिहून ठेवलंय.